मागच्या अंगणातला नळ

सकाळी सहाच्या ठोक्याला बागेत आपोआप पाणी सुटलं, तेव्हा सुमती बादली हातात घेऊन मागच्या पायरीवर उभी होती. मोगऱ्याच्या बुंध्याशी, गुलाबांच्या वाफ्यात, गोडनिंबाच्या आळ्यात लेकानं बसवलेल्या बारीक काळ्या नळ्या टिपटिप करायला लागल्या. आठ मिनिटांनी टक्क असा आवाज झाला आणि पाणी थांबलं. ज्या कामाला तिला रोज तासभर लागायचा, ते तिच्याशिवाय आटोपलं होतं. तिनं बादली पालथी घातली आणि आत येऊन चहा टाकला, कारण सकाळी सव्वासहाला दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

विहंगला पुण्याहून येऊन आज नववा दिवस होता. मार्च संपायच्या आत घेतली नाही तर रजा बुडणार, म्हणून लेकानं ती नंदनवन वस्तीतल्या घराला दिली. घराला दिली, हे सुमतीनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. आल्या दिवशी तिनं त्याच्या आवडीचा वडाभात केला, तर पठ्ठ्या ताट हातात घेऊन गच्चीवर गेला, टाकीखालची भेग बघायला. मग ती भेग बुजली. घासणारं दार रंधून झालं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, फाटकाला हिरवा रंग लागला, जुनी माती उपसून वाफ्यांत शेणखत पडलं, दोडक्याच्या वेलासाठी मांडव उभा राहिला. तिचे यजमान मुकुंदराव गेल्यापासून दोन वर्षं या घरात जे जे कुरकुरत होतं, ते सगळं विहंगनं गप्प केलं. शेजारणी कुंपणावरून म्हणाल्या, असा मुलगा नशिबानं मिळतो. सुमती हसली. हा नशिबानं मिळालेला मुलगा नऊ दिवसांत एकदाही तिच्याजवळ टेकला नव्हता. ती स्क्रूची वाटी धरून त्याच्या मागं मागं फिरायची, तेवढाच काय तो सहवास.

तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण गुरुवारचं तिला गिळता येत नव्हतं.

लहानू हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात मुकुंदरावांच्या हाताखालचा फिटर. आता निवृत्त, बायको वारलेली, तिथंच मुलगा-सुनेजवळ राहणारा. साहेबांच्या तेराव्याला आला तेव्हा मागच्या अंगणातला नळ गळताना त्यानं पाहिला आणि पुढच्या गुरुवारी पिशवी घेऊन येऊन वायसर बदलून दिला. त्याच्या पुढच्या गुरुवारी नळ पुन्हा गळायला लागला. तेव्हापासून दोन वर्षं दर गुरुवारी चारच्या सुमारास स्कूटर वाजायची, दहा मिनिटं नळाची खुडबुड व्हायची आणि मग पायरीवर तासभर चहा. साहेबांच्या रात्रपाळ्या, राखेनं पांढरी झालेली वाळवणं, सुनेचे टोमणे, सुमतीचे गुडघे, असं काहीही बोलणं चालायचं. नळाखालच्या ओलीत धोपा, म्हणजे अळू, माजला होता, त्या पानांच्या वड्या व्हायच्या. पाच वाजता लहानू उठायचा आणि म्हणायचा, "पाहू वहिनी, आता गळाले नको." सुमती म्हणायची, "हाव, नको."

या गुरुवारी तिनं दोन कप काढून ठेवले होते. स्कूटर आली. फाटकाशी काही बोलणं झालं आणि स्कूटर परत गेली. ती लगबगीनं बाहेर आली तर विहंग रंगाचा ब्रश घेऊन उभा.

"कोण होतं?"

"तो तुझा फिटर गं. सांगितलं त्याला, नवा नळ बसवलाय, आता यायची गरज नाही."

आणि सुमतीनं काय म्हणावं? ती म्हणाली, "बरं केलं." स्वतःच्याच तोंडून निघालेले ते दोन शब्द तिला तीन दिवस टोचत होते. आज संध्याकाळी विहंगची गाडी होती. तो गेला की विषय मिटणार, आणि लहानू काही आपणहून फाटक उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

दहाच्या सुमारास सावनेरहून अबोली आली. भरताची वांगी, पोरांच्या परीक्षेच्या तक्रारी आणि भावाला निरोप द्यायचा उत्साह, असं सगळं घेऊन ती घरभर फिरली.

"आई वं, घर ओळखूच येऊन नाही राहिलं!"

"हाव. तुझ्या भावानं काहीच नाही ठेवलं."

अबोलीला ते कौतुकच वाटलं. वाटणारच, कारण या सगळ्याची मुकादम तीच होती. रोज रात्री साडेआठला आईचा फोन यायचा. अबोली तो स्पीकरवर टाकून कणीक भिजवायची. दार घासते वं. ट्यूबलाइट फडफडते. कूलरचा वास येते. पहिले काही महिने तिनं मनापासून ऐकलं, मग हुं हुं केलं, आणि एके दिवशी फ्रिजच्या दारावर कागद लावून आई सांगेल ते त्यावर लिहायला लागली. सतरा गोष्टी झाल्यावर कागदाचा फोटो काढून तिनं विहंगला पाठवला. काम एकदाचं मार्गी लागेल, असा साधा हिशेब.

भरतासाठी वांगी गॅसवर लावून तिनं खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. नळाखाली चौकोनी फरश्या बसल्या होत्या.

"धोपा कुठं गेला?"

"काढला त्यानं. चिखल होते म्हणे."

"मग लहानूकाका वड्या कशाच्या खातील?" अबोली सहज म्हणाली. आई भरतावर पेरायला सांभाराची जुडी निवडत होती, आणि निवडून झालेल्या काड्या पुन्हा निवडत होती.

तेव्हा अबोलीच्या डोक्यात कुठंतरी खट झालं. गुरुवारचा आईचा फोन नेहमी छोटा असायचा. त्यात तक्रार नसायची, लहानूकाकांच्या सुनेचा एखादा किस्सा असायचा आणि आई चक्क हसायची. सतरापैकी एकही तक्रार गुरुवारची नव्हती. आणि या गुरुवारी तर फोनच आला नव्हता. विहंग आहे सोबतीला, म्हणून अबोलीनंही तो केला नव्हता. उलट तिला बरं वाटलं होतं, हे आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

*

जेवायला तिघं स्वयंपाकघरात खालीच बसले. विहंगच्या नखांत हिरवा रंग होता आणि त्याचं लक्ष घड्याळाकडं होतं.

"सतरापैकी सोळा झाली," तो म्हणाला. "जेवलो की पुढच्या दाराला भिंग बसवतो. कोण आलं ते आतूनच दिसेल तुला."

"कोण येणार आहे?" सुमती म्हणाली.

"कोणीही, आई. तो फिटरच घे." विहंगला हसू आलं. "ताई, तुला सांगितलंच नाही. गुरुवारी पिशवी घेऊन हजर! मी म्हटलं, काका, तीस वर्षं वाफेचे व्हॉल्व्ह आवळलेत तुम्ही, आणि बागेतला एक नळ आवळत नाही? असा खजील झाला! म्हणे, वय झालं गा बाबू. आणि स्कूटर वळवून गेला."

अबोलीचा घास हातातच राहिला.

"तू असं म्हटलं त्यायले?"

"मग काय म्हणू? दोन वर्षं एकच वायसर बदलतोय तो माणूस."

"विहंग, जरा डोकं चालव ना बावा. खापरखेड्याचा फिटर. त्याले नळ आवळता येत नव्हता?"

"तेच तर मी म्हणतोय!"

"येत होता रे."

विहंगनं आधी बहिणीकडं पाहिलं, मग आईकडं. सुमती त्याच्या भरलेल्या ताटात आणखी भात वाढत होती.

"म्हणजे मुद्दाम? आई, तुला माहीत होतं हे?"

"आम्ही कधी बोललो नाही त्याच्यावर," सुमती म्हणाली.

अशा वेळी माणूस नेमकं नको ते बोलतो, तसंच विहंगचं झालं. "दर गुरुवारी तो इथं येऊन बसायचा? बाबा नसताना? शेजारीपाजारी काय म्हणत असतील?"

"म्हणत असतील नळवाला आला," अबोली ताडकन म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर नळ होता. आणि तू काय केलं? नळ बदलला, धोपा उपटला, माणसाले दारातून परत पाठवलं. नऊ दिवस काय करून राहिला होता तू इथं? ठेकेदारी?"

"माझ्यावर ओरडू नकोस! यादी कोणाची होती? तुझीच ना? आणि वर काय लिहिलं होतंस? 'तुझी रजा आहे तर एकदाचं हे संपव, रोज रात्री मलाच ऐकावं लागते.' मेसेज दाखवू?"

दाखवायची गरज नव्हती. अबोलीचा चेहरा उतरला. इतका वेळ लेकीच्या बाजूनं मान हलवणाऱ्या सुमतीचा हात थांबला.

"यादी केली होती तू? माझ्या फोनची?"

"आई, तसं नाही वं. तू सांगत होती, मी आपली लिहून ठेवत होती. विसराले नको म्हणून…"

"मले वाटे तू ऐकून राहिली."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर दोघांनाही सोपं गेलं असतं. अबोलीला वाटलं, आत्ता उठून आईच्या कुशीत शिरावं, पण चाळिशीतल्या बाईला ते जमत नाही. तिनं नुसतं पाण्याचं भांडं आईकडं सरकवलं. ज्या भावाला तिनं आत्ता झाडलं होतं, त्याच्याकडंच तिनं मदतीसाठी पाहिलं.

विहंगनंही ते ओळखलं. भांडण तिथंच सोडून बहीण-भाऊ एका बाजूला झाले, लहानपणी काच फुटली की व्हायचे तसे.

"आई, तू पुण्याला चल," विहंग म्हणाला. "वेदिकाही कधीची म्हणतेय, सासूबाईंना घेऊन ये."

"नाहीतर सावनेरले ये. खरंच ये. मोठी खोली आहे मागची."

सुमतीनं दोघांकडं पाहिलं. ही तिचीच लेकरं होती आणि तिला त्यांची दया आली.

"विहंग, नऊ दिवस तू या घरात आहेस. माझ्याजवळ किती वेळ बसला?"

"मी काम करत होतो ना, आई. तुझ्यासाठीच."

"हाव, माझ्यासाठीच केलं. मी कुठं नाही म्हणते? पण पुण्यात काय येगळं होईल? तिथंही तुले कामं असतीलच." तिनं ताटातला भात बोटानं एका बाजूला केला. "मले दार घासलं तरी चालत होतं रे. दार घासते, असं कोणाले तरी सांगता येत होतं."

*

हात धुऊन विहंगनं फोन घेतला. चूक आपली, तर निस्तरायचीही आपणच, एवढं त्याला कळत होतं. कामाचा माणूस तो. आईकडून नंबर घेतला, लावला आणि स्पीकरवर टाकला.

"लहानूकाका, मी विहंग. मुकुंदरावांचा मुलगा. गुरुवारी मी जे बोललो ते चुकलं माझं. माफ करा."

"अरे नाही गा बाबू," पलीकडून खरखरीत आवाज आला. मागं टीव्ही चालू होता. "तुझं काय चुकलं? नळ चांगला बसला म्हणजे झालं. गळत तर नाही ना?"

"नाही गळत."

"मग झालं."

"काका, तुम्ही येत जा. या गुरुवारी या."

"कशाले येऊ?"

प्रश्न सरळ होता. विहंग उत्तर देण्यासाठी इकडं तिकडं पाहायला लागला. पंखा, ट्यूबलाइट, खिडकीची कडी, सिंकखालचा पाइप. गेल्या नऊ दिवसांत त्यानं कुठंच काही सोडलं नव्हतं. एखादा सैल स्क्रू दिसला असता तर त्याला हायसं वाटलं असतं. "दुसरं काहीतरी काम निघेलच…" तो अर्धवट म्हणाला.

"निघालं की सांगजो," लहानू म्हणाला. "तोवर राम राम."

"थांबा," असं म्हणत सुमतीनं लेकाच्या हातातून फोन घेतला. स्पीकर कसा बंद करायचा ते तिला येत नव्हतं, आणि तिनं कोणाला विचारलंही नाही. "लहानूभाऊ, मी बोलून राहिली."

"बोला वहिनी."

"घरात काहीच बिघडलं नाही. सगळं चांगलं चालू आहे. तरी या."

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला.

"असं कसं येऊ, वहिनी?" आवाज खाली आला होता. "सून विचारते, कुठं निघाले. आजवर नळाचं सांगत होतो. आता काय सांगू?"

सुमतीनं ओट्याला हात टेकला. समोर तिचा मुलगा होता, तिची मुलगी होती. दोन वर्षं या दोघांना तिनं दार सांगितलं, कूलर सांगितला, भेगा सांगितल्या. खरी गोष्ट जिभेवर यायची आणि प्रत्येक वेळी तिच्या जागी एखादा पाइप निघायचा. आज घरात एकही पाइप उरला नव्हता.

"तिले सांगजा," ती म्हणाली, "नंदनवनले एक बाई आहे. एकटी राहते. सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नाही. तिच्याशी बोलाले चाललो, असं सांगजा."

अबोलीनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. विहंग फरशीकडं पाहत राहिला.

"हे सुनेले सांगता येत नाही, वहिनी."

"मले तरी कुठं सांगता येत होतं लेकराईले? आता दोघंही समोर बसून आहेत. ऐकून राहिले."

पलीकडं टीव्ही बंद झाला. लहानू खोकला, घसा साफ केला.

"बरं," तो म्हणाला. "येतो गुरुवारी. चारले."

"हाव, चारले या," सुमती म्हणाली आणि फोन विहंगच्या हातात परत देऊन थंड झालेल्या भाताच्या ताटावर बसली. तिनं तो सगळा संपवला, वर अर्धी पोळी मागून घेतली.

*

दुपारी अबोलीनं आईच्या डोक्याला तेल लावलं. लावता लावता तिनं काहीतरी विचारलं आणि सुमती बराच वेळ सांगत राहिली. पुढच्या खोलीत विहंगला दोघींचे नुसते आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. आत जाऊन बसावं असं त्याला वाटलं. पण आपण गेलो तर बोलणं थांबेल, अशी भीतीही वाटली. त्यानं ड्रिल मशीन काढलं आणि दाराला भिंग बसवलं, हाताला दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

रजेचे दोन दिवस अजून शिल्लक होते. ते त्यानं प्रवासाच्या थकव्यासाठी राखून ठेवले होते. तिकीट पुढं ढकलता येतं का ते त्यानं फोनवर पाहिलं. मंगळवारच्या गाडीत जागा होती. तो त्या पानावर बोट न लावता बसून राहिला.

पाच वाजता ऑटो आला. गेली चौदा वर्षं तो या दारातून पुण्याला परत जात होता, आणि गेली चौदा वर्षं ऑटो आला की आई म्हणायची, "आणखी एक दिवस राहून जा ना बावा." दर वेळी तो वैतागायचा. तिकीट काढलंय आई, असं कसं राहता येईल, असं काहीबाही बोलून बॅग उचलायचा. आज वाकून नमस्कार करताना त्यानं आधीच ठरवलं होतं. आईनं म्हटलं की हो म्हणायचं.

सुमतीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "भरीत वेगळ्या डब्यात आहे, आधी ते खाऊन घेजो. पोचला की फोन करजो. वेदिकाले सांगजो, आठवण करते."

"हो."

"नीट जा."

तो सरळ झाला, पण हलला नाही. ती त्याच्याकडं मायेनं पाहत होती, अगदी नेहमीसारखी. फक्त ते एक वाक्य ती म्हणत नव्हती. विसरली असेल म्हणून त्यानं बॅगचा पट्टा उगाच लांब-आखूड केला. फाटकाकडं पाहिलं, कुंड्यांकडं पाहिलं.

"काय रे, काही राहिलं का?" सुमतीनं विचारलं.

"विहंग, ऑटोवाला कधीचा हॉर्न वाजवून राहिला," अबोली म्हणाली.

मी राहू का, एवढं विचारायचं होतं. आईनं दुपारी फोनवर तेच तर करून दाखवलं होतं, काही कारण नसताना. विहंगनं तोंड उघडलं. पण आयुष्यात तो कधी काही कामाशिवाय कोणाकडं थांबला नव्हता, आणि या घरातली सतराही कामं त्यानं स्वतःच्या हातानं संपवली होती.

"नाही, सगळं झालं," तो म्हणाला आणि ऑटोत जाऊन बसला.